सासूबाईंचं सोवळं

सुन-बोक मोकफो बंदरात एका सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासायची. न्हाणीघर तळघरात होतं. तिथं दिवसभर वाफेत उभं राहायचं. प्लास्टिक मढवलेल्या पलंगावर बाई आडवी झाली की हातात हिरवा खरखरीत मोजा चढवायचा आणि मानेपासून टाचेपर्यंत मळ काढायचा. आधी पोट, मग एक कूस, मग पाठ, मग दुसरी कूस. कूस बदलायला सांगायचं तर तोंड उघडायचं नाही, मांडीवर ओल्या हाताच्या दोन थापा मारायच्या. पडलेल्या बाईला बरोबर कळतं. हे काम हलकं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस करून बघावं. संध्याकाळी चॉपस्टिक धरायला बोटं वळत नाहीत.

तिचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. घर टेकडीवर, पायऱ्या चढून जायचं. वर पोचेपर्यंत ती तीनदा थांबायची आणि प्रत्येक वेळी बंदराकडे बघायचं निमित्त करायची. बंदरात बघण्यासारखं काही नसायचं. तिचा नवरा गी-चुल मासळीबाजारात बर्फाची गाडी चालवायचा. पहाटे निघायचा, दुपारी येऊन झोपायचा. मुलगी मिन-आ लग्न होऊन ग्वांगजूला गेलेली. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, दुल-ले. चर्चमध्ये त्या क्वोनसा होत्या, म्हणजे मानाच्या थोरल्या सेविका. पास्टरसुद्धा त्यांना वाकून नमस्कार करायचे.

दुल-लेबाईंचं बायबल चेन लावलेल्या काळ्या कातडी कव्हरात असायचं. ते ठेवायला एक बुटका चौरंग वेगळा होता आणि त्याच्यावर सुती कापड. बायबल जमिनीवर टेकवायचं नाही. त्याच्यावर काही ठेवायचं नाही, अगदी चष्मासुद्धा नाही. वाचायचं तर आधी हात धुवायचे, चूळ भरायची, पायात मोजे घालायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायची आणि गुडघे दुमडून बसायचं. खोलीत कुणी लोळत असेल तर वाचायचं नाही. मासळी तळली असेल तर आधी खिडकी उघडायची, वास जाईपर्यंत थांबायचं. भर जानेवारीतसुद्धा. एकदा वाचन चालू असताना गी-चुलला वारा सरला, तर त्यांनी चेन ओढून बायबल बंद केलं आणि त्याला अंगणात उभं केलं. तेव्हा गी-चुल स्वतः एका पोरीचा बाप होता. आपल्याकडच्या कुठल्याही आजीचं सोवळं यापुढे फिकं पडावं.

नवी नवरी असताना सुन-बोकनं एकदाच चूक केली होती. भाताचं भांडं उतू जायला लागलं म्हणून हातातलं बायबल तिनं घाईत जमिनीवर ठेवलं आणि धावली. परत आली तर सासूबाई ते पुसत होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या रात्री जेवल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवसापासून सुन-बोक त्या पुस्तकाला भ्यायली ती भ्यायलीच. देवाला ती एवढी भीत नव्हती. देव तिला कधी उपाशी बसलेला दिसला नव्हता.

पुढे काचबिंदूनं दुल-लेबाईंची नजर गेली आणि रोज संध्याकाळी एक अध्याय वाचून दाखवायचं काम सुनेकडे आलं. दिवसभर पाण्यात असलेले हात घरी येऊन पुन्हा धुवायचे. सुजलेल्या पायांवर मोजे चढवायचे. ज्या गुडघ्यांवर दिवसभर उभी राहिली तेच गुडघे दुमडून बसायचं. डोळे मिटत असायचे, ओळी एकमेकींत घुसायच्या, आणि समोरून आवाज यायचा, "सूनबाई, एक ओळ गाळलीस."

"नाही हो आई."

"गाळलीस. मी हे तुझ्या जन्माआधीपासून वाचतेय."

मग ती ओळ सापडायची. सुन-बोकला त्या वेळी वाटायचं, की हे पुस्तक जिनं पाठ केलंय तिनं आपलं आपण म्हणावं आणि आपल्याला झोपू द्यावं. पण पाठ असणं आणि ऐकणं यात फरक आहे, असं सासूबाई म्हणायच्या. पाठ असलेलं आपण म्हणतो, ऐकलेलं आपल्याला कुणीतरी सांगतं.

त्या हिवाळ्यात दुल-लेबाईंना झटका आला. डावी बाजू गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्यांना डायपर लावलेलं होतं. मिन-आनं ग्वांगजूहून येऊन दोन दिवस रडून घेतलं आणि परत गेली. तिलाही घरी सासू होती. पहिल्या संध्याकाळी सुन-बोकनं नेहमीप्रमाणे हात धुतले, चौरंग सासूबाईंच्या अंथरुणाशी आणला आणि चेन उघडली. राखेत बसलेल्या माणसाची गोष्ट अर्ध्यावर राहिली होती, जो फोड आलेलं अंग खापरीनं खाजवतो आणि ज्याला मित्र येऊन शहाणपण शिकवतात. सुन-बोकला तो माणूस आवडायचा. त्याचं अंग बघून तिच्या मनात यायचं, की याला खापरी नको, कोमट पाण्यात भिजवायला हवा.

"उचल ते," सासूबाई म्हणाल्या.

"काय उचलू?"

"शास्त्र. पलीकडच्या खोलीत ने. इथं कसला वास येतोय तुला कळत नाही?"

"आत्ताच बदललंय आई. काही वास नाही."

"तुझं नाक वाफेनं मेलंय. माझं डोळे गेल्यापासून दुप्पट झालंय. ने ते."

सुन-बोकनं नेलं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. त्या दिवशी ती मोजे न घालता, जेवण झाल्या झाल्या, खालून तापवलेल्या गरम जमिनीवर आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सासूबाई मागत नाहीत, आपण कशाला विचारा. महिना उलटला तरी ती विचारायला गेली नाही. दमलेल्या माणसाला मिळालेली सुट्टी कुणाच्या दुःखातून आली आहे हे तो बघायला जात नाही, आणि सुन-बोकही गेली नाही.

पण दुल-लेबाईंचं जेवण कमी होत गेलं. पेज दोन चमचे घ्यायच्या आणि तोंड फिरवायच्या. दिवसा तीन तास यायची ती सेवेकरी बाई म्हणाली, "आजी बोलतच नाहीत. आधी मला किती टोचून बोलायच्या! आता मला करमत नाही."

पास्टर आले. सोबत चर्चमधल्या चार बायका, हातात दह्याच्या बाटल्यांचा खोका. पास्टर वयानं तरुण होते, मन चांगलं होतं. सुन-बोकनं त्यांना दारातच सगळं सांगितलं होतं. ते अंथरुणाशी बसले, आजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "क्वोनसा, देव खोली बघत नाही हो."

"तो बघत नसेल," आजी म्हणाल्या. "मी बघते ना."

"तो राखेत बसलेला माणूस आठवा. अंगभर जखमा. देव त्याच्याशी तिथंच बोलला."

"तो उघड्यावर बसला होता, पास्टर. वारा होता तिथं. माझ्या खोलीला एकच खिडकी आणि तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे."

चारही बायकांनी मान खाली घातली. एकीला हसू आवरेना.  शास्त्र न उघडता नुसती प्रार्थना झाली आणि सगळे दह्याच्या बाटल्या तिथंच ठेवून गेले.

मग गी-चुलनं डोकं चालवलं. मोबाइलवर कुणीतरी खर्जातल्या आवाजात अख्खं बायबल वाचून ठेवलं होतं ते त्यानं आईच्या उशाशी लावलं. "ऐक आई. याला हात धुवायला लागत नाहीत, याला हातच नाहीत."

आजींनी थोडा वेळ ऐकलं. "हा तोच फोन ना, ज्याच्यावरून तू तळलेली कोंबडी मागवतोस?"

"हो. मग?"

"बंद कर."

गी-चुलनं फोन खिशात घातला आणि बायकोकडे बघितलं. "मी हरलो," तो म्हणाला. "तुझ्या सासूपुढे देवसुद्धा चपला काढून उभा राहील." आणि झोपायला गेला. झोपायला जाणं त्याला सगळ्यात चांगलं जमायचं.

एके दिवशी न्हाणीघराचा बॉयलर बिघडला आणि सुन-बोक दुपारीच घरी आली. सेवेकरी बाई गेलेली. दार उघडताना आवाज झाला नाही. आतून पुटपुटणं ऐकू आलं. दुल-लेबाई एकट्याच पडून राखेतल्या माणसाचं म्हणत होत्या. थोडं पुढे जायच्या, अडकायच्या, परत पहिल्यापासून. झटक्यानं आठवणीतलंही काही नेलं होतं. तिसऱ्यांदा अडकल्या तेव्हा त्यांनी उजव्या हातानं स्वतःचं तोंड दाबलं. "माफ कर," त्या म्हणाल्या, "अशा अंगानं तुझं नाव घेतलं. माफ कर." आणि हाताच्या आडून रडायला लागल्या.

सुन-बोक उंबऱ्यातच बसली. तिला स्वतःची लाज वाटली. महिनाभर आपण झोपलो आणि या बाईनं शब्दावाचून दिवस काढले, अन्नावाचून काढावेत तसे. ही म्हातारी आता फार दिवसांची नाही हे तिला दिसत होतं. असंख्य अंगांवरून हात फिरवलेल्या बाईला अंग कधी आवरतं घेतंय ते कळतं. ही स्वतःच्याच दाराबाहेर स्वतःच उभी आहे, आणि अशीच जाईल. ते सुन-बोकला बघवेना. रागही आला. एवढं कडक सोवळं कुणी सांगितलं होतं पाळायला? पण रागानं वास जात नाही. वास पाण्यानं जातो, आणि पाण्याचं काम तर तिचंच.

दुसऱ्या दिवशी तिनं न्हाणीघराच्या मालकिणीला विचारलं. मालकीण पैशाच्या खिडकीत बसून रताळं खात होती.

"मंगळवारी? मंगळवारी आपलं बंद असतं."

"म्हणूनच. कुणी नसेल."

"आणि पलंगावर काही केलं त्यांनी तर?"

"मी धुवीन. एरवी काय करते मी इथं?"

मालकिणीनं रताळ्याचं साल काढलं. "एकच टब तापवीन. आणि हे कुणाला सांगायचं नाही, नाहीतर सगळ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या उचलून आणतील." मग जरा वेळानं म्हणाली, "माझ्या आईला मी एकदाही आणलं नाही. आणायचं आणायचं म्हणत राहूनच गेलं."

मंगळवारी गी-चुलनं आईला पाठीवर घेतलं. टेकडीच्या पायऱ्या उतरताना तो घामानं भिजला, पण आई हलकी झाली होती हे त्यानं बोलून दाखवलं नाही. तळघराचा जिना, मग बायकांच्या बाजूचा पडदा. तिथं तो थबकला. आत कुणी नव्हतं, तरी त्याचे पाय पुढे जाईनात. सुन-बोकनं पडद्याबाहेर येऊन सासूबाईंना खांद्यावर घेतलं. "बाहेर सिगरेट ओढत बस," ती म्हणाली, "आणि आत डोकावू नकोस."

"मी कशाला डोकावू? लहानपणी बघितलंय सगळं."

"वाचाळ कुठला," त्याची आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती कुणाला तरी टोचून बोलली होती.

सुन-बोकनं कामाचे काळे आखूड कपडे चढवले, सासूबाईंना उघडं केलं, पलंगावर निजवलं आणि कोमट पाण्याचं घमेलं पायांपासून हळूहळू ओतत वर आली. मग मोजा चढवला. एरवी गिऱ्हाइकाला घासायची तसं तिला घासता येईना. कातडी कागदासारखी झालेली. दोन बोटांनी ताणून धरायची आणि मोजा नुसता टेकवून न्यायचा. पाठीला लाल चट्टे उठले होते. काखेत, मांडीच्या सांध्यात, जिथं सेवेकरी बाईचा ओला रुमाल पोचला नव्हता तिथं ती पोचली. मळ निघत होता. दुल-लेबाईंनी डोळे मिटले होते. कूस बदलायची वेळ आली तेव्हा सवयीनं सुन-बोकनं त्यांच्या मांडीवर दोन थापा मारल्या आणि चपापली. सासूला कुणी थापा मारतं का! पण म्हातारीनं उजव्या हातानं पलंगाची कड धरली आणि निमूटपणे वळायला बघितलं.

तिनं केस धुतले, नखं कापली, अंगाला दूध चोळलं, परत पाणी ओतलं. शेवटी दोन मोठे कोरडे टॉवेल पांघरले. तिची स्वतःची कंबर बोलत होती.

"सूनबाई, आता माझा वास येतो का?"

"साबणाचा येतोय."

"खरं सांग."

"आई, मी एवढ्या बायका धुते. तुमच्यासारखी स्वच्छ बाई या आठवड्यात या पलंगावर आली नाही."

 छतावरून थेंब पडत होते. "शास्त्र आणलंयस?"

"आणलंय. चार पिशव्यांत गुंडाळून."

"जमिनीवर नाही ना ठेवलं?"

"खुंटीला टांगलंय."

"मग लवकर वाच. लवकर. हे फार वेळ टिकायचं नाही, मला माझं माहीत आहे."

सुन-बोकनं हात पुसले, परत पुसले. अंगात काळी आखूड चड्डी आणि बंडी. मोजे नाहीत, बटणं नाहीत. पण ते सासूबाईंना दिसत नव्हतं आणि कपडे बदलायला वेळ नव्हता. तिनं पलंगाशेजारी घडी केलेल्या टॉवेलवर गुडघे दुमडले. गुडघ्यांत कळ गेली ती डोक्यापर्यंत. तिनं चेन उघडली, राखेतल्या माणसाची जागा शोधली आणि वाचायला लागली. दुल-लेबाईंचा चेहरा बदलला. तहानलेल्या माणसाच्या घशातून पाणी उतरताना दिसतं तसं काहीतरी त्यांच्या गळ्याशी हलत होतं. ओठ शब्दांच्या मागून चालले होते, आणि जिथं त्या रोज अडकायच्या ती जागा गेली, आणि त्या पुढे गेल्या.

पानही उलटलं नव्हतं. टॉवेलवर डाग पसरायला लागला. पलंगाच्या कडेवरून धार खाली फरशीवर आली. सुन-बोक थांबली. थांबायचं तिनं ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हातानंच चेन ओढली. दुल-लेबाईंना ऊब कळली होती. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

सुन-बोकनं बायबल खुंटीला टांगलं. टॉवेल काढले, पाणी ओतलं, साबण लावला, परत पाणी ओतलं. नवे टॉवेल शोधायला गेली तर कोरडे संपले होते. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. ती तिथंच, हातात ओलं घमेलं धरून, ओरडली.

"आई, मी दमले! ऐकताय का? मी दमलेय. तुम्हाला रोज इथं नाही आणता येणार मला. आणि आणलं तरी अर्ध्या पानापुरतंच! अर्ध्या पानासाठी कोण एवढं करेल? जसं आहे तसं ऐकायचं असेल तर ऐका. नाहीतर सांगा, तुम्हाला कपडे घालते, घरी नेते, आणि परत विचारणार नाही. सोवळं तुमचं, गुडघे माझे!"

पडद्याबाहेरून गी-चुलचा आवाज आला, "काय झालं गं?"

"काही नाही. तू सिगरेट ओढ."

ती सासूवर कधी ओरडली नव्हती. घमेलं खाली ठेवून ती रडायला लागली, आवाज न करता, कामावरच्या बायका रडतात तशी, तोंडावर पाणी मारत. न्हाणीघरात एवढी एक सोय असते.

दुल-लेबाई उघड्या, ओल्या, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.  मग त्यांनी उजवा हात पलंगाच्या कडेवरून बाहेर काढला आणि हवेत चाचपडला. सुन-बोक जवळ गेली तेव्हा हात तिच्या दंडावर लागला. तिथून खाली, उघड्या मांडीवर, मग गुडघ्यावर. सुजेवर तो हात थांबला. टॉवेलची घडी गुडघ्यात रुतून उठलेली रेघ त्यांनी बोटानं शोधली. बाकी अंगावर काय आहे, काय नाही, तेही त्यांना कळलं असणार.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"आता आठवतही नाही."

"आणि मी तुला रोज गुडघ्यांवर बसवत होते."

सुन-बोकनं तो हात गुडघ्यावर तसाच राहू दिला. नाही म्हणणं खोटं झालं असतं, आणि हो म्हणायचं त्राण नव्हतं.

"स्टूल आहे का इथं?"

"आहे. प्लास्टिकचं. ओलं आहे."

"असू दे. त्याच्यावर बस. भिंतीला टेक." दुल-लेबाईंनी मान इकडे वळवली. पलंगावरून परत एक बारीक धार सुटली होती आणि दोघींनाही ते कळत होतं. "पाय पसरून बस, पोरी. चांगले लांब पसर. आणि वाच."

सुन-बोकनं खुंटीवरून बायबल काढलं. स्टुलावर बसली, गार भिंतीला पाठ टेकली, दोन्ही पाय पसरले, आणि ओल्या मांडीवर पुस्तक उघडून मघाचीच ओळ शोधायला लागली.